नांगराखालचं पाणी

नांगर टाकला की निवांत झोपावं, असा माझा समज होता. मिरकरवाड्याहून निघून पौर्णिमेच्या रात्री अकराला आम्ही जयगडच्या खाडीत शिरलो. पाणी तुडुंब होतं.

"तांडेलकाका, काठालगतच थांबू. पोरं झोपलीत."

"भाऊ, तिथीची पाऊणपट करा."

पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे भरती पुरी होत आलेली. सहा तासांनी ओहोटी. काकांनी खोल पाण्यात नांगर टाकून दोर भरपूर सोडला. दोर आखूड असला तर नांगर उचलला जातो. लांब असला तर रुततो.

मध्यरात्रीनंतर होडी गर्रकन फिरली. मी दचकून पोरांना चाचपलं. "पाणी उलटलं," काका म्हणाले. ते जागेच होते.

पहाटे पाहिलं, तर मी दाखवलेल्या जागी नुसता चिखल होता.