आझाद दस्ता : कर्जतच्या डोंगरातले मनोरे, कोठ्या आणि पाटील

सप्टेंबर ते नोव्हेंबर 1942 या काळात कर्जत परिसरातून मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे 11 मनोरे पाडणारा आझाद दस्ता ही सुमारे पन्नास माणसांची भूमिगत संघटना होती आणि तिच्यात शिपाईगिरीचा अनुभव असलेल्यांपेक्षा शेतकरी आणि खेड्यांतल्या शाळांचे मास्तर यांचाच भरणा अधिक होता. या दस्त्याची ओळख बहुधा त्याच्या नेत्याच्या बलिदानावरून करून दिली जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु युद्धकाळात परक्या सत्तेखालच्या गावांची निष्ठा कशी जुळते आणि कशी सुटते, हे समजून घेण्यासाठी दस्त्याच्या शौर्याइतकेच त्याच्या अन्नपुरवठ्याकडे पाहणे आवश्यक आहे.

दस्त्याने ज्यावर घाव घातला ती यंत्रणा त्या वेळी जेमतेम सत्तावीस वर्षांची होती. लोणावळ्याच्या माथ्यावर वळवण, शिरवटा या तलावांत साठवलेले पावसाचे पाणी लोखंडी नळांतून घाटाखाली सोडून त्याच्या वेगावर जनित्रे फिरवायची, ही टाटांची योजना खालापूर भागातील खोपोली येथे 1915 मध्ये सुरू झाली. आंध्रा खोऱ्यातील ठोकरवाडीच्या जलाशयावर चालणारे भिवपुरीचे वीजगृह 1922 मध्ये, तर मुळशीच्या पाण्यावरचे भिरा वीजगृह 1927 मध्ये उभे राहिले. वीज दूर नेताना ती तारेतच वाया जाऊ नये म्हणून तिचा दाब अतिशय वाढवावा लागतो, आणि असा उच्च दाब वाहणाऱ्या तारा जमिनीपासून व परस्परांपासून दूर ठेवण्यासाठी पोलादी पट्ट्यांचे चौपायी मनोरे लागतात. हे मनोरे भातशेतांतून, रानांतून आणि टेकड्यांवरून गेलेले असल्याने त्यांच्यावर सतत पहारा ठेवणे जवळजवळ अशक्य होते, आणि त्यांच्या टोकाला परळची उपकेंद्रे व गिरणगावातील कापडगिरण्या होत्या. वीज मुंबईला गेली आणि वापरलेले पाणी मात्र खाली राहिले; खोपोलीचे पाणी पाताळगंगेला आणि भिवपुरीचे पेज नदीला मिळून उन्हाळ्यातही वाहू लागले, हा या यंत्रणेने परिसराला दिलेला एक अनपेक्षित लाभ होय. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह तोवर वीस वर्षांचा जुना झाला होता, तरी घाटाच्या दोन्ही अंगांना तो विसरला गेला असेल असे मानणे कठीण आहे.

दस्त्याचे नेते, भाई कोतवाल या नावाने ओळखले जाणारे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानमधील एका गरीब नाभिक कुटुंबात जन्मले, कायद्याची पदवी घेऊन वकील झाले आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. इतक्यावर थांबले असते तर ते एका थंड हवेच्या ठिकाणचे सुशिक्षित पुढारी म्हणून राहिले असते. परंतु त्यांनी डोंगराखालच्या गावांत स्वयंसेवी शाळा काढल्या आणि धान्याच्या कोठ्या सुरू केल्या. या कोठ्यांचे महत्त्व कळण्यासाठी खावटी म्हणजे काय ते ध्यानात घ्यावे लागते. आषाढ-श्रावणात घरातले भात संपते, नवे पीक अजून शेतात उभे असते, आणि अशा वेळी सावकाराकडून खाण्यापुरते उसने आणलेले धान्य म्हणजे खावटी. कापणीनंतर ते दीडीने, म्हणजे मणाला दीड मण या हिशेबाने, खळ्यावरूनच उचलले जाई, त्यामुळे पुढच्या पावसाळ्याची टंचाई आदल्या सुगीतच ठरून जात असे. हा फेरा तोडण्यासाठी गावाचे धान्य गावातच साठवून अडल्या घराला ते द्यायचे, ही कोठीची कल्पना दिसायला सौम्य असली तरी जमीनदार व सावकार यांच्या उत्पन्नाच्या मुळावर येणारी होती. दस्ता उभा राहिला तो याच शाळांच्या मास्तरांतून आणि याच कोठ्यांच्या सभासद-कुळांच्या जगातून, म्हणून त्याचे मित्र आणि त्याचे वैरी हे दोन्ही 1942 च्या आधीच ठरलेले होते.

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले आणि खाली राहिलेल्या कार्यकर्त्यांना अहिंसेचा अर्थ आपापल्या बळावर लावावा लागला. किशोरलाल मश्रूवाला यांनी त्याच महिन्यात ‘हरिजन’मध्ये, कोणाच्या जिवाला धोका होणार नसेल तर तारा तोडणे किंवा रूळ उखडणे अहिंसेत बसू शकते, असे मत मांडले होते, पण गांधीजींनी पुढे ते मान्य केले नाही. मनोरा पाडणे हे या वादाच्या बरोबर सीमारेषेवर येते. गिरण्या आणि रेल्वे ठप्प झाल्याचे वर्णन दस्त्याविषयी वारंवार केले जाते. त्यातील गिरण्यांची बाब समजण्यासारखी आहे, मात्र रेल्वेचे स्वतःचे वीजगृह ठाकुर्लीजवळ चोळे येथे 1929 पासून चालू होते, तेव्हा रेल्वेबाबतचे विधान थोडे हात राखूनच स्वीकारावे.

याच गिरणगावात निष्ठांचा दुसरा पेच उभा होता. मार्च 1942 मध्ये जपान्यांनी रंगून घेतले, एप्रिलमध्ये विशाखापट्टणम व काकिनाडा येथे बाँब पडले, आणि सोव्हिएत संघ युद्धात उतरल्यामुळे ‘लोकयुद्धा’ची भूमिका घेतलेल्या कम्युनिस्टांना, ज्यांच्यावरील बंदी सरकारने जुलैमध्ये उठवली होती, युद्धकाळात उत्पादन थांबवणे हे जपानला साहाय्य वाटत होते. दुसरीकडे जपानविरोधी चीनच्या मदतीला 1938 मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवणारी संघटना काँग्रेसच होती. त्या पथकातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या रुग्णालयात काम करता करता 9 डिसेंबर 1942 रोजी उत्तर चीनमध्ये वारले, आणि त्याच आठवड्यांत कर्जतच्या रानात दस्त्याचा माग काढला जात होता. जपानशी लढणारा मराठी डॉक्टर आणि जपानशी लढणाऱ्या सरकारची वीज तोडणारा मराठी वकील हे दोघेही एकाच चळवळीच्या प्रेरणेतून घराबाहेर पडले होते, यात विसंगती पाहणाऱ्यांनी दिल्लीतले सरकार कोणाचे होते हा प्रश्न आधी विचारावा.

कोटणीस जिथे काम करत होते त्या उत्तर चीनच्या खेड्यांशी तुलना केली तर कर्जतचे वेगळेपण ध्यानात येते. वांग चिंगवेई यांनी मार्च 1940 मध्ये नानकिंगला जपानच्या आश्रयाने सरकार स्थापन केले आणि अनेक चिनी सैनिक त्या बाजूला गेले. पण त्याहून गुंतागुंतीची स्थिती गावांची होती, जिथे एकच मुखिया दिवसा जपानी चौकीला धान्य व खबर पुरवी आणि रात्री बंडखोरांनाही तेच पुरवी. कम्युनिस्टांनी अशा मुखियांना देशद्रोही ठरवण्यापेक्षा सांभाळून घेणे बहुधा पसंत केले, कारण त्यांची सेना रात्री परतून येऊ शकत असल्याने मुखियाला दोन्हीकडे संबंध ठेवण्यात हित होते. कोकणातला वतनदार पोलीस पाटीलही असाच दुहेरी माणूस होता. 1867 च्या मुंबई ग्राम पोलीस अधिनियमान्वये गावात आलेल्या अनोळखी माणसाची वर्दी वर देणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि तो राहत मात्र त्याच भाऊबंदांत, ज्यांच्या माळ्यावर फरारी झोपत असे. मात्र पन्नास माणसांच्या दस्त्याकडे परतून येणारी सेना नव्हती. गप्प राहिलेल्या पाटलाला तो संरक्षण देऊ शकत नव्हता आणि फुटलेल्याला शिक्षा करण्याइतका त्याचा जम बसला नव्हता. पुढे 1943 ते 1946 या काळात साताऱ्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने न्यायनिवाडे करून आणि फितुरांना दंड देऊन नेमकी हीच उणीव भरून काढली.

दस्त्याच्या अंताकडे या दृष्टीने पाहावे लागते. कार्यकर्ते रानात गेले तेव्हा ज्या कोठ्यांनी गावे त्यांच्याशी जोडली होती त्या चालवायला माणूस उरला नाही, पोलिसांबरोबर टाटा कंपनीचे सशस्त्र पहारेकरीही वाहिन्यांवर नेमले गेले, कोतवालांना पकडून देणाऱ्यासाठी इनाम जाहीर झाले आणि काही साथीदार हाती लागले. कुलाबा जिल्ह्यातील कर्जत सोडून उरलेली तुकडी सह्याद्रीच्या कडेने ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या जंगलात गेली. जिल्हा बदलला की पोलीस ठाणे बदलते, हा त्यातला फायदा असला तरी त्या रानालगतच्या गावांत कोतवालांच्या कोठ्यांचे उपकार नव्हते. खबर एका जमीनदाराने दिली असे सांगितले जाते, आणि कोठ्यांचा इतिहास पाहता त्यात आश्चर्य वाटण्याजोगे फारसे नाही. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने तळ घेरला, मानिवलीचे तरुण हिराजी पाटील गोळीबारात ठार झाले, आणि मांडीला गोळी लागून पडलेल्या कोतवालांवर हॉलने जवळून गोळी झाडली. कोतवालांचे वय तेव्हा तीस वर्षे एक महिना होते.

दोघांच्या स्मरणार्थ सिद्धगडावर दरवर्षी 2 जानेवारीला लोक जमतात, आणि त्यांत कर्जत-नेरळ भागातून येणारे पुष्कळ असतात. वीजगृहे आजही चालू आहेत. महसुली पाटलांची वंशपरंपरागत पदे 1962 च्या कायद्याने संपुष्टात आली, तर पोलीस पाटील 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानुसार मानधनावर नेमला जाऊ लागला. गावात आलेल्या अनोळखी माणसाची वर्दी देण्याचे काम मात्र त्याच्याकडेच राहिले.