पुस्तक ऑनलाइन आहे, मग सापडत का नाही?

फोन आहे, नेट आहे, पुस्तकही फुकट आहे. तरी डिजिटल ग्रंथालयाकडे वाचक फिरकत नाही. विकसनशील देशांत याचं खापर नेटवर्कवर फुटतं. आपल्याकडे मात्र घोडं बऱ्याचदा सर्चमध्येच अडतं.

बेंगळुरूच्या आयआयएससीच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'त लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली. त्यात मराठीही होती. पण नावं नोंदवली गेली रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी. 'ज्ञ'साठी कोणी 'डीएन' लिहितं, कोणी 'जेएन', कोणी 'जीवाय'. तुमचं स्पेलिंग वेगळं, की पुस्तक गायब! शिवाय पान म्हणजे नुसता फोटो. त्यातला शब्द शोधता येत नसे आणि फोनवर ओळ न् ओळ झूम करावी लागे. २०१७ मध्ये कॉपीराइटच्या मुद्द्यावरून ही साइट बंद झाली. त्यातली बरीच पुस्तकं आता 'इंटरनेट अर्काइव्ह'वर आहेत.

आयआयटी खरगपूरने उभारलेली 'नॅशनल डिजिटल लायब्ररी' २०१८ मध्ये देशाला समर्पित झाली. इथे सर्च एकत्र होतो, पण बरंचसं साहित्य मूळ संस्थेच्या साइटवरच असतं. तिने लॉगिन मागितलं, की वाचक तिथूनच परततो.

मराठी विश्वकोशाचं तसं नाही. मजकूर युनिकोडमध्ये असल्याने गुगलवर मराठीत शब्द टाकला तरी नोंद सापडते, डेटाही कमी जातो.

जुनं पुस्तक शोधताय? तूर्त लेखकाचं आडनाव इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगने टाकून पाहा.