गाडीचे इंजिन का तापते?

मुलांनो, काशीमिऱ्याहून ठाण्याकडे जाताना घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट लागतो. उन्हाळ्यात तिथे वाहने अडकली, की एखादी मोटार बोनेट उघडून कडेला उभी दिसते. आतून वाफ येत असते. असे का होते?

इंजिनात इंधन जळते व खूप उष्णता निर्माण होते. कूलंट नावाचा द्रव ती उष्णता रेडिएटरकडे नेतो. तिथे हवेने तो थंड होतो व पुन्हा इंजिनात जातो. कूलंटमध्ये पाणी व ग्लायकोल असते. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. हे मिश्रण त्याहून जास्त तापमानाला उकळते.

कूलंट कमी झाले, की इंजिन तापते. अशा वेळी झाकण मुळीच उघडू नये. दाबाखालील उकळता द्रव अंगावर उसळून माणूस भाजतो. इंजिन बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावे. मगच टाकीवरील वरच्या खुणेपर्यंत योग्य कूलंट भरावे.

पण कूलंट वारंवार का कमी होते, हेही शोधले पाहिजे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा. सकाळी त्यावर हिरवा किंवा गुलाबी डाग दिसला, तर बहुधा कूलंट गळत आहे असे समजावे. स्वच्छ पाण्याचे थेंब मात्र बहुतेक वेळा एसीचे असतात. रबरी नळ्यांचे सांधेही तपासावेत. सांडलेले कूलंट लगेच पुसावे. ते चवीला गोड, पण विषारी असते.

घरातील मोठ्यांना हे जरूर सांगा. नुसते कूलंट भरत राहणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय!