जमिनीखालची नहर पुन्हा वाहू शकते का?

आखाडा बाळापूर परिसरात ‘जमिनीखाली काय आहे’ हा विषय निघाला की लोकांना आधी भूकंप आठवतो. साहजिकच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले होते.

पण मराठवाड्याच्या जमिनीखाली आणखी एक गोष्ट आहे, ती माणसांनी केलेली. छत्रपती संभाजीनगरच्या पोटात चारशे वर्षांपूर्वी बांधलेल्या नहरी आहेत. नहर म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा बांधीव मार्ग. ‘प्राचीन बोगदा सापडला, गावाचा पाणीप्रश्न सुटला’ असे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात, म्हणून ही भानगड नीट समजून घेऊया.

नहर चालते कशी?

डोंगराच्या पायथ्याशी एक विहीर खोदतात, पाणी लागेपर्यंत. तिथून वस्तीच्या दिशेनं आडवा बोगदा काढतात. या बोगद्याला उतार असतो, पण वरच्या जमिनीच्या उतारापेक्षा कमी. त्यामुळे जमीन उतरत जाते, बोगदा जवळपास सरळ राहतो आणि शेवटी पाणी आपोआप उघड्यावर येतं. मोटर नाही, वीजबिल नाही. मध्ये ठरावीक अंतरावर विहिरीसारखे उभे झरोके असतात. खोदताना माती तिथून वर काढायची, हवा तिथून आत यायची आणि पुढं गाळ काढायलाही माणूस तिथूनच उतरायचा.

हे तंत्र इराणचं. तिथं त्याला कनात म्हणतात, काही ठिकाणी कारेझ. इराणमधल्या अशा ११ कनातींना २०१६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात इराणहून आलेली माणसं मोठ्या पदांवर होती, बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान हे त्यातलं ठळक नाव. माणसांबरोबर तंत्रही आलं. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) निजामशाहीत कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणलं जात होतं. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा, अब्दुल रहीम खानखानाच्या काळातला. शंभरावर कुंड्यांची ती साखळी आजही पाणी देते.

मलिक अंबरनं काय केलं?

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं १६१० मध्ये खडकी हे गाव राजधानीसाठी निवडलं. आजचं छत्रपती संभाजीनगर ते हेच. पाण्याच्या दृष्टीनं जागा अवघड होती. त्यानं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातलं पाणी अडवलं आणि जमिनीखालून शहरात आणलं. ती नहर-ए-अंबरी. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्की पाहायला गेलेल्या प्रत्येकानं भिंतीवरून कोसळणारं पाणी पाहिलेलं असतं. ते पाणीही नहरीतूनच येतं आणि त्याच्या जोरावर तिथं पिठाचं जातं फिरायचं.

आता आजची गंमत पाहा. गंमत कसली, हाल आहेत. हेच शहर आज पैठणच्या जायकवाडी धरणातून, जवळपास ५० किलोमीटरवरून पाणी उचलतं. शहर उंचावर, धरण खाली, म्हणजे सगळं पाणी पंपानं वर चढवायचं. २०२० च्या डिसेंबरमध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं. नळाला चार-चार, आठ-आठ दिवसांनी पाणी येणं ही तिथली वर्षानुवर्षांची रड.

लाखोंचं शहर नहरीवर जगेल असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. अंबरचं शहर लहान होतं. पण घरात आहे ते पाणी गटारात घालवून बाहेरून पाणी आणायचं, हे मला तरी पटत नाही. नहरींवर बांधकामं झाली, झरोके बुजले, काही ठिकाणी सांडपाणी शिरलं.

मग बोअरनं काय बिघडवलं?

मुद्द्याची गोष्ट इथं आहे. नहर तिच्या तळाच्या वर जेवढं पाणी आहे, तेवढंच देते. त्याखालचं पाणी तिला ओढता येत नाही. पाऊस कमी झाला की धार बारीक होते आणि लोकांना आपोआप कळतं की जपून वापरायला हवं. बोअरला असा लगाम नाही. पाणी खाली गेलं की पाइप वाढवायचे. शेजारी दोन-चार खोल बोअर झाले आणि पाण्याची पातळी नहरीच्या तळाखाली गेली, की चारशे वर्षं वाहिलेली नहर कोरडी पडते. कितीही गाळ काढा, उपयोग नाही.

बीदरमध्ये हे पाहायला मिळतं. बाळापूरहून नांदेड-देगलूरमार्गे जाता येतं. तिथल्या नौबादची कारेझ साधारण पंधराव्या शतकातली, लांबी सुमारे तीन किलोमीटर, २१ झरोके. केरळचे भूगोल संशोधक व्ही. गोविंदनकुट्टी यांनी तिचा माग काढला आणि २०१४ नंतरच्या काळात गाळ उपसण्याचं काम झालं. बीदरचं नशीब असं की वरचा जांभा दगड सच्छिद्र आणि खाली काळा पाषाण. पाणी झिरपतं आणि सांध्यावर साठतं. पण ते झिरपणार कुठून? वरच्या मोकळ्या जमिनीतून. तिथं प्लॉटिंग झालं की खालचा साफ केलेला बोगदा फक्त पर्यटनाचा ठरतो.

आपल्याकडे करायचं काय?

बाळापूर भागात काळा पाषाण आहे. इथं पाणी असतं ते मुरुमात आणि दगडाच्या भेगांत. कठीण पाषाणात किलोमीटरभर नवीन बोगदा खोदणं म्हणजे पैशाचा चुराडा. ज्या गावात जुनी नहर आहे तिथं ती दुरुस्त करावी. जिथं नाही, तिथं नहरीचा नियम जुन्या बारवांना आणि सार्वजनिक विहिरींना लावता येतो: गाळ काढा, चढाकडचा ओढा अडवा आणि भोवतालच्या बोअरवर मर्यादा घाला. पहिली दोन कामं श्रमदानात होतात, फोटोही छान येतात. तिसऱ्यावर ग्रामसभेत भांडण होतं, म्हणून ते राहून जातं.

त्यासाठी कायदा आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरपेक्षा खोल विहिरी आणि बोअरवर बंधनं आहेत. शिवाय भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुमच्या गावाजवळच्या विहिरीच्या नोंदी जिल्हा कार्यालयाकडे मागा. ग्रामसभेत बोअरचा विषय काढताना तो कागद हातात असू द्या.