भास, संशय आणि ‘आळस’

शेजारी आपल्याबद्दलच कुजबुजतात, टीव्हीवरचा निवेदक आपल्यालाच उद्देशून बोलतो, असं विशीतल्या मुलाला ठामपणे वाटू लागलं की घरचे त्याच्याशी वाद घालतात. त्याने काही साधत नाही; त्याला आवाज खरोखरच ऐकू येत असतो. ‘मला ऐकू येत नाही, पण तू घाबरलायस हे दिसतंय,’ एवढं म्हटलं तरी तो बोलता राहतो.

ही स्किझोफ्रेनियाची लक्षणं असू शकतात. हा आजार म्हणजे दुहेरी व्यक्तिमत्त्व, हा सिनेमावाल्यांचा लाडका गैरसमज. (‘देवराई’, २००४, हा सन्माननीय अपवाद.) भास आणि संशय औषधांनी बहुधा आटोक्यात येतात. अंघोळ टाळणं, तासन्‌तास पडून राहणं हीही आजाराचीच लक्षणं, पण त्यांवर गोळ्यांची मात्रा फारशी चालत नाही. अशा माणसाला घरात ‘आळशी’ म्हणतात, हे सर्वांत खटकतं. दूध आणणं, कुंड्यांना पाणी घालणं, असं रोजचं ठरलेलं छोटं काम तिथे उपयोगी पडतं.

बरं वाटलं की गोळ्या बंद, हा नेहमीचा घोळ; आजार उलटतो तो बऱ्याचदा त्यामुळेच. वजन वाढतं, हात थरथरतात, ही तक्रार खरी असते. ती डॉक्टरांना सांगावी, औषध बदलता येतं. गोळी विसरणाऱ्यांसाठी महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन कुटुंबीयांचे आधारगट चालवते. सरकारी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.