शिडाच्या बोटीचा प्रोपेलर

शिडाच्या बोटीचा प्रोपेलर (बोलीभाषेत पंखा) हा इंजिनाच्या शक्तीने पाण्याखाली फिरून बोटीला पुढे वा मागे ढकलणारा भाग होय. वारा पडल्यावर किंवा धक्क्याजवळ शिडे उतरवल्यावर बोट त्याच्याच आधारे चालते. अरुंद जागेत बोट कशी वळेल व किती अंतरात थांबेल, हे सुकाणूइतकेच प्रोपेलरच्या निवडीवरही अवलंबून असते.

मुंबई बंदरातील परिस्थिती

दक्षिण मुंबईत अपोलो बंदरासमोरील पाण्यात शिडाच्या बोटी बोयांना बांधून ठेवतात. १८४६ मध्ये स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब येथेच आहे. गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरी व मांडवा येथे जाणाऱ्या लाँचींची तेथे वर्दळ असते. शिवाय भरती-ओहोटीचा प्रवाह बोटीला ओढत असतो. अशा ठिकाणी बोट वेळीच न थांबल्यास टक्कर होऊ शकते.

आडवी ओढ

मागून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा प्रोपेलर उलटा फिरवला, की बोटीची पिछाडी डावीकडे सरकते. पुढे जाताना प्रोपेलरचा झोत सुकाणूवर आदळतो; त्यामुळे वेग नसतानाही बोट वळवता येते. मागे येताना मात्र झोत नाळेकडे जातो आणि बोटीला पुरेसा वेग येईपर्यंत सुकाणू निष्प्रभ राहते. म्हणून असा प्रोपेलर असल्यास, वारा व प्रवाह अनुकूल असताना, धक्का डाव्या हाताला ठेवून येणे सोयीचे ठरते. प्रोपेलर उलटा फिरवताच बोट थांबते आणि पिछाडी धक्क्याकडे सरकते.

प्रकार

स्थिर तीन पात्यांचा प्रोपेलर बोट चांगली थांबवतो. परंतु शिडांवर चालताना तो पाण्यात अडथळा होऊन वेग घटवतो.

मिटणाऱ्या प्रोपेलरचा अडथळा फार कमी असतो. तथापि, उलटा फिरवल्यावर पाण्याचा दाब त्याची पाती मिटवू पाहतो, म्हणून त्याची मागे ओढण्याची शक्ती सहसा कमी पडते.

पाती वळवणाऱ्या प्रोपेलरची पाती शिडांवर चालताना प्रवाहाला समांतर होतात व उलट फिरताना दिशा बदलतात. त्यामुळे तो मागेही जोर देतो. मात्र तो महाग असून त्याची देखभाल अधिक करावी लागते.

निवड

दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ बोटीतून २००९-१० मध्ये मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. इतक्या दीर्घ सफरीत प्रोपेलरचा अडथळा कमी असणे मोलाचे ठरते. याउलट, रोज गर्दीच्या बंदरात ये-जा करणाऱ्या बोटीसाठी थांबण्याची खात्री वेगापेक्षा महत्त्वाची असते. प्रोपेलर बदलल्यानंतर मोकळ्या पाण्यात बोट थांबवून व मागे नेऊन पाहणे आवश्यक मानले जाते.