हरलं की थेट घरी, म्हणून चाल नवी बरी!

जानेवारी उजाडला की अमेरिकेत एनएफएल या फुटबॉल लीगच्या चाहत्यांचा एकच वाद रंगतो: चेंडू घेऊन धावायचं की लांब फेकायचा? हा फुटबॉल पायापेक्षा हातानं जास्त खेळला जातो. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्याचा. त्यात प्लेऑफ म्हणजे बाद फेरी. हरलात की मोसम संपला! पण या खेळातल्या कितीतरी भन्नाट युक्त्या याच सामन्यांत उजळल्या.

फेकायलाच बंदी!
सुरुवातीला चेंडू पुढे फेकणंच नियमबाह्य होतं. नुसती रेटारेटी चाले. १९०५ मध्ये इतके खेळाडू दगावले, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन विद्यापीठांच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६ मध्ये फॉरवर्ड पासला, म्हणजे चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली.

सर्कशीच्या मातीत
१८ डिसेंबर १९३२. शिकागोत थंडी आणि बर्फाचा कहर. म्हणून शिकागो बेअर्स आणि पोर्ट्समथ स्पार्टन्सची निर्णायक लढत छपराखाली झाली. तिथं नुकतीच सर्कस होऊन गेलेली. खाली तिचीच माती आणि मैदान १०० ऐवजी जेमतेम ८० यार्डांचं! बेअर्सचा ब्रॉन्को नागुर्स्की धावतोय असं भासवून थबकला आणि त्यानं रेड ग्रेंजकडे पास टाकला. टचडाऊन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार! पास टाकणारा, चाल जिथून सुरू होते त्या रेषेच्या पाच यार्ड मागे हवा, असा तेव्हा नियम होता. तो मोडला म्हणून स्पार्टन्सनी आरडाओरडा केला, पण बेअर्स ९-० जिंकले. पुढच्याच वर्षी नियम बदलला: रेषेमागून कुठूनही खुशाल फेका.

चेंडू पुरेनात
१९४० ची अंतिम लढत. तीनच आठवड्यांपूर्वी वॉशिंग्टननं बेअर्सना ७-३ असं हरवलेलं. या वेळी बेअर्सची 'टी फॉर्मेशन' ही खेळाडूंची मांडणी अशी काही चालली, की निकाल लागला ७३-०! वॉशिंग्टनच्या वाट्याला भोपळा. किक मारलेले चेंडू प्रेक्षकांत जाऊन गायब होत होते. शेवटी पंचांनीच बेअर्सना विनंती केली, की टचडाऊननंतरच्या जादा गुणासाठी आता किक मारू नका.

नाव पश्चिमेचं, जन्म ओहायोतला
'वेस्ट कोस्ट ऑफेन्स' ही आक्रमणाची पद्धत जन्मली ओहायोतल्या सिनसिनाटीत. तिथल्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास टाकणाऱ्या मुख्य खेळाडूचा हात लांब फेकीला तोकडा पडे, म्हणून प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी छोट्या, मोजूनमापून टाकलेल्या पासांची पद्धत बसवली. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्स संघाकडे गेले आणि पद्धत तिथं गाजली. १० जानेवारी १९८२ रोजी जो मोंटानाचा उंच पास ड्वाइट क्लार्कनं उडी मारून बोटांच्या टोकांवर झेलला आणि फोर्टीनाइनर्सनी डॅलसला २८-२७ असं हरवलं. तो झेल आजही नुसता 'द कॅच' म्हणून ओळखला जातो.

३५-३ वरून विजय
३ जानेवारी १९९३. ह्यूस्टन ऑयलर्स ३५, बफेलो बिल्स ३. बिल्सचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी, मैदानात राखीव फ्रँक राइश. तरीही बिल्स जादा वेळेत ४१-३८ जिंकले! ३२ गुणांची पिछाडी प्लेऑफमध्ये आजवर दुसऱ्या कुणी भरून काढलेली नाही. याच राइशनं १९८४ मध्ये मेरीलँड विद्यापीठाकडून ०-३१ वरून सामना फिरवला होता.

फेकणाराच झेलतो तेव्हा
४ फेब्रुवारी २०१८, सुपर बोल, म्हणजे एनएफएलची अंतिम लढत. चौथा प्रयत्न, गोलरेषा दोन पावलांवर. किक मारून तीन गुण घ्यायचे, हा सोपा मार्ग. फिलाडेल्फिया ईगल्सनी तो सोडला. ट्रे बर्टननं पास टाकला आणि झेलला चक्क क्वार्टरबॅक निक फोल्सनं! ईगल्स ४१-३३ जिंकले. डाव ठरवणाऱ्या फोल्स आणि प्रशिक्षक डग पीडरसन यांचा पुतळा आज ईगल्सच्या स्टेडियमबाहेर उभा आहे.

नाणेफेकीचा सल
२३ जानेवारी २०२२. बिल्स आघाडीवर, उरले फक्त १३ सेकंद. तेवढ्यात कॅन्सस सिटी चीफ्सनी बरोबरी साधली. जादा वेळेची नाणेफेक जिंकून पहिल्याच चढाईत टचडाऊन केलं आणि ४२-३६ असा सामना खिशात घातला. तेव्हाच्या नियमानुसार सामना तिथंच संपला; बिल्सच्या आक्रमणाला जादा वेळेत चेंडू मिळालाच नाही. चाहते खवळले, आणि त्यांचं बरोबरच होतं. दोनच महिन्यांत नियम आला: प्लेऑफच्या जादा वेळेत दोन्ही संघांना संधी मिळणारच.

आपल्याकडे सुपर बोल दिसतो फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी, पहाटे पाचच्या सुमारास. यंदा गजर लावाच. चौथा प्रयत्न असेल आणि संघ किक न मारता उभा राहिला, तर चहाचा कप खाली ठेवा आणि डोळ्यांची पापणी लवू देऊ नका. पुढची गाजणारी चाल कदाचित तीच असेल!